मागं आरसा नको

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

रक्षिता,

वर 'प्रिय' लिव्हलेलं न्हाय. विसरले म्हणून न्हाय, मुद्दाम लिव्हलं न्हाय.

तुझी मैत्रीण काल सकाळी बंगळूरच्या बसमधनं उतरली आणि मी शटर वर करायच्या आधीच दुकानाच्या पायरीवर येऊन बसलती. मांडीवर थर्माकोलचा खोका. मला वाटलं, कुणाच्या तरी औषधाचा माल असंल. तर म्हणाली, तुम्ही रक्षिताच्या अक्का ना? सात वर्षांत तुझं नाव ह्या दुकानात कुणी घेतलेलं न्हाय. मी म्हटलं, कोण रक्षिता? बिचारीचा चेहरा उतरला. मग तिनं खोका उघडला, तर आत सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि माझ्याकडं असा बघतोय की जसं मीच त्याच्या दारात आलेय.

पोरीला च्या पाजला, खाऊ घातलं, कारण तिची काय चूक न्हवती. ती दुपारच्या गाडीनं परत गेली आणि सरडा हितंच राहिला. संगं तुझा चार पानी कागद, एक कसलीशी ट्यूब आणि एक थर्मामीटर. पहिल्याच ओळीत लिव्हलंयस, "ह्याचं नाव गुंडू." सरड्याला गुंडू. आपल्या गल्लीत दोन गुंडू हाईत, त्यातल्या एकाला नातवंडं झाल्यात.

कागद दोनदा वाचला. तू अंदमानात कासवं मोजायला चाललीयस, जानेवारीच्या अखेरीपतूर. बंगळूरची खोली सोडलीस. ज्या जनावरांच्या दवाखान्यात काम करतीस तिथं कुणीतरी हौसेनं घेतलेला हा सरडा टाकून गेलता, त्याला तू संभाळलास, आणि आता त्याला ठेवायला जागा न्हाय. म्हंजे जनावर टाकलं की तुझं काळीज तुटतंय. माणसं टाकताना कुठं गेलतं ते काळीज?

आणि एक वाक्य मला अजाबात कळलं न्हाय. "अप्पा ह्याला घर करून देतो म्हणाले होते." कवा म्हणाले? कुणाला म्हणाले? तू मुरगूडच्या स्थळाला नकार देऊन, चिठ्ठी ठेवून बंगळूरला पळालीस त्या दिवसापासनं अप्पांनी तुझं नाव काढलेलं न्हाय. त्यांच्या अंगावरनं वारं गेलं, उजवा हात-पाय गेला, दोन वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. तवाबी काढलं न्हाय. आणि फेब्रुवारीत ते गेले तर तू मातीलासुद्धा आली न्हाईस. गेलेल्या बापाच्या तोंडात आपली वाक्यं घालू नकोस.

सरडा जगवते. जनावराचा जीव हाय आणि त्यानं माझं काय वाकडं केलेलं न्हाय. जानेवारी संपली की मैत्रिणीला पाठव, आला तसा खोक्यातनं घेऊन जाऊ दे. तू यायचं कारण न्हाय. त्याचं काय बरंवाईट झालं तर ते तुझ्या कागदानं झालं असं समज, माझ्या हातानं न्हवं.

वर्षाराणी


रविवार, २६ नोव्हेंबर २००६

रक्षिता,

तुझ्या सरड्याचं घर झालं. गुजरीतल्या एका सोनाराचं काचेचं काऊंटर बाजूला ठेवून केलं, हे तुला कळलेलं बरं. सोनार रोज येऊन शिव्या देऊन गेला.

तुझं माप चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. मुरगूडात सासरी माझ्या वाट्याला आलेली जागा ह्याच्याहून फार मोठी न्हवती. आकारामला म्हटलं, माळ्यावर चौकटीला ॲल्युमिनियमचं सेक्शन बघ. (आपला फिटर आकाराम अजून रोज कागलहून येतोय. गुडघं गेल्यात, हात शाबूत हाय.) तो वर चढला आणि वरनंच विचारतोय, वर्षाक्का, हे कुणाचं? बघते तर पोत्यात गुंडाळलेलं सेक्शन. चार फुटाचं, दोन फुटाचं, सगळं मापात कापून सुतळीनं बांधलेलं. सुतळीत आपल्या दुकानाची ऑर्डरची चिठ्ठी, खाली नेहमीची लाल ओळ छापलेली, 'माल गिऱ्हाईकाने स्वतः बघून ताब्यात घ्यावा.' आणि वर अप्पांचं अक्षर. वारं गेल्यानंतरचं, डाव्या हाताचं, सगळं खाली घसरलेलं. "४ × २ × २. वर जाळी. दारं सरकती. मागं आरसा नको." गिऱ्हाईकाच्या नावाची जागा मोकळी.

जरा वेळ मी माळ्याच्या शिडीवरच बसले. मग म्हटलं, असंल कुणाची तरी माशाची टाकी. मापं जुळत्यात कधी कधी. तू लगेच डोक्यावर घेऊन नाचू नकोस.

कापलेलं सेक्शन वाया कशाला घालवायचं म्हणून तेच वापरलं. पण मागं आरसा नको, हे मी मानलं न्हाय. पस्तीस वर्षं अप्पांनी शोकेस केली. पेढ्यांची, साड्यांची, चपलांची, दागिन्यांची. एकाचीबी पाठ त्यांनी बिनआरशाची ठेवली न्हाय. मागं आरसा नसंल तर माल अर्धाच दिसतोय, हे आपण दोघी त्यांच्या तोंडून ऐकत मोठ्या झालो. वारं गेल्यावर ते साखरेला मीठ म्हणायचे, आणि दुपारी जेवून उठले की न्याहारी मागायचे. त्यातलंच हे एक, असं मी धरलं. तुझ्या कागदात तरी काय लिव्हलंयस? "मागची बाजू बंद ठेव, आरपार दिसायला नको." आरशातनं कुणाला आरपार दिसतंय? चांगला चार मिलीचा आरसा घेतला, कडा हातानं घासल्या, बसवला.

खाली शहाबादी फरशी. एका कोपऱ्यात शंभरचा बल्ब, त्याच्याखाली बसून ऊब घ्यायला चपटा दगड. दुसरा कोपरा गार. आंब्याची फांदी तिरकी लावली चढायला. तुझी ती ट्यूब वर जाळीला बांधली. दारं एका बोटानं सरकतील अशी. बाहेरच्या खोलीत खिडकीला लावून ठेवलंय. असलं काम शाहूपुरीत दुसरं कोण करून दावू दे. त्याला आत सोडल्यावर एकाचे दोन सरडे दिसले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. लई दिवसांनी मनासारखं काम झालं.

आता तुझं ते "आठवड्यातनं तीनदा जिवंत किडे". आपलं घर लिंगायताचं, आपली आई कशी, ते विसरलीस काय? अव्वा अजून अंड्याच्या टोपलीला पदर लागला तर लुगडं बदलती. मी तिला तेवढी ओळ वाचून दाखवली. तर ती म्हणाली, दारात आलेल्याला तो खातोय तेच घालायला पायजे, आपलं जेवण त्याच्यावर लादून काय उपयोग. आता आकाराम उसाच्या बांधावरनं नाकतोडे पकडून बरणीत आणतोय. अव्वा बरणी देवघराच्या खोलीत येऊ देत न्हाय, पण गुंडू जेवला का हे आधी विचारती. होय, ती त्याला गुंडूच म्हणती. पहिल्या दिवसापासनं. मी नाव सांगितलेलं न्हवतं.

वर्षाराणी


रविवार, १० डिसेंबर २००६

रक्षिता,

तुझं कार्ड आलं. "गुंडू खातो ना? अव्वा बरी ना?" एवढंच. अक्का मेली का जगली हे विचारायला शाई संपली असंल.

न्हाय खात. नऊ दिवस झाले. पहिले तीन-चार दिवस बरा होता, मेथी खाल्ली, भोपळा खाल्ला, दोन नाकतोडे खाल्ले. मग बिनसलं. सकाळी बल्ब लावला की त्याची दाढी फुगती आणि काळी होती. काळी म्हंजे तव्याच्या बुडासारखी काळी. मग मान खालीवर करत बसतोय, पुढं धावतोय, काचेला धडकतोय, मागं येतोय, परत धडकतोय. तोंडाला खरचटलंय. समोर नाकतोडा नाचला तरी त्याचं ध्यान न्हाय. तुझ्या कागदात लिव्हलंय की राग आला, भ्याला की दाढी काळी होती. कुणावर राग? दिवसभर ह्या खोलीत एकटी अव्वा असती, आणि ती त्याच्याशी कानडीत गोड बोलती.

मी बल्ब बदलला. साठचा लावला, परत शंभरचा लावला. थर्मामीटर दोन ठिकाणी धरून बघितला. फरशी धुतली. भाजी बदलली. टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. म्हशींच्या रांगेत दीड तास बसले, सगळी शेतकरी माणसं टोपलीत डोकावून हसत होती. एक पावणं म्हणाले, बाई, हे कुंपणावर फुकट मिळतंय की, दवाखान्यात कशाला आणलं? डॉक्टर भला माणूस. मी असलं जनावर जन्मात बघितलं न्हाय, म्हणाला, कशाचा तरी ताण घेतलाय त्यानं, तेवढा काढा. ताण काढा म्हणं. माझा कोण काढणार?

तुला सांगून ठेवते, हे जनावर माझ्या हातात मेलं तर मी तुला कधी माफ करणार न्हाय. तू कायम असंच केलंस. काम अर्ध्यावर टाकायचं आणि निघायचं, मागचं अक्का निस्तरती. बसवेशला नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं होतंस. तो माझा दीर होता. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी पळालीस, आणि त्या घरात भाकरी मला खायची होती. सासू उठता-बसता म्हणायची, बहीण तशी, ही बी तशीच. दोन वर्षं ऐकलं, मग पिशवी भरून माहेरी आले ती आजपतूर हितंच हाय. तुझ्यापायी माझं घर मोडलं. हे मी तुला कधी म्हटलं न्हवतं, आज लिव्हून देते.

तुझ्या कासवांना कोण विचारतंय का, तुझी अक्का कशी हाय म्हणून?

वर्षाराणी


सोमवार, २५ डिसेंबर २००६

रक्षिता,

हा कागद तुला पोचेपतूर ते जनावर असंल का न्हाय, मला सांगता येत न्हाय.

हाडं वर आल्यात. शेपटी वाळलीय. आता धडकायचीबी ताकद न्हाय, तरी बल्ब लागला की दाढी काळी करून बसतोय, तोंड आतल्या बाजूला वळवून. अव्वानं त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि सोमवार धरला त्याच्यासाठी. मी ओरडले, सरड्यासाठी उपास करायला तू खुळी झालीस काय? ती उठून देवघरात गेली. ती मला हल्ली उत्तर देत न्हाय.

त्यात लोडशेडिंग. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास लाईट जाती. अव्वा बंबावर विटा तापवून ठेवती, लाईट गेली की फडक्यात गुंडाळून त्याच्या दगडाखाली सारती. त्या विटांवर त्यानं कालपतूर दम धरलाय. एक चमत्कारिक गोष्ट. काल दुपारी लाईट गेलती, तवा अव्वानं त्याला भोपळ्याचा कीस दावला आणि त्यानं दोन घास खाल्ले. लाईट आल्यावर परत काळा. म्हंजे बल्बच त्याला सोसत न्हाय का काय? तुझ्या कागदात तर बल्बाशिवाय मरंल असं लिव्हलंय. कागद खोटा का जनावर खोटं, तूच सांग. पण तू सांगणार कशी, तिथं फोन न्हाय.

आज मला एक लिव्हायचंय आणि ते मी एकदाच लिव्हणार हाय. अप्पा गेले तवा तू आली न्हाईस म्हणून मी सगळ्या भावकीत तुला नावं ठेवली. तुला कळवायला माझ्याकडनं उशीर झाला, हे खरं हाय. तिसऱ्या दिवशी कार्ड टाकलं. गडबड होती, माणसं येत होती, विधीला अय्यांना बोलवायचं होतं, माझ्या डोक्यात राहिलं न्हाय. एवढंच. त्याच्यात दुसरं काय न्हवतं.

वर्षाराणी


सोमवार, १ जानेवारी २००७

रक्षी,

जिवंत हाय. आधी ते सांगते.

परवा दुपारी, लाईट असताना, मी घराचं दार सरकवलं आणि काच पुसायला डोकं आत घातलं. तो दगडावर होता, माझ्या गालाजवळ. दाढी काळी, डोळं वटारलेलं, समोर बघतोय. मी म्हटलं, बघू तर, हा कुणाकडं एवढा बघतोय. त्याच्या उंचीला तोंड आणलं आणि समोर बघितलं. समोर सरडा होता, काळ्या दाढीचा. त्याच्या शेजारी एक बाई होती. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या. रक्षी, मला क्षणभर कळलंच न्हाय ती कोण. मी रोज आरसे कापते, त्यात कधी बघत न्हाय.

महिनाभर त्याला वाटत होतं, घरात दुसरा सरडा शिरलाय. दुसरा न्हवताच. हा दाढी काळी करायचा, तर तोबी करायचा. हा धडकायचा, तर तोबी धडकायचा. लाईट गेली की तो दुसरा पुसट व्हायचा आणि ह्याला दोन घास जायचे. आणि हे सगळं मी केलं, चार मिलीचा आरसा बसवून, कडा घासून.

तिथंच बसून मी रडले. मग उठून चिठ्ठी काढली. मागं आरसा नको. अप्पा चुकले न्हवते. पस्तीस वर्षं आरसे बसवलेला माणूस असं लिव्हतोय, म्हंजे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. सरड्याला आरसा चालत न्हाय हे ह्या कोल्हापुरात कुणाला ठाऊक होतं? आणि आणखी एक, जे मला त्याच दिवशी शिडीवर कळायला पायजे होतं. एका हातानं सेक्शन कापता येत न्हाय. दुसऱ्या बाजूनं धरणारा लागतोय.

आकारामला हाक मारली. तो लगेच खाली बघायला लागला. अव्वा आतनं आली, त्याला म्हणाली, तू जा, मी सांगते. आणि तिनं सांगितलं. दर सोमवारी अप्पा देवाला जातो म्हणून आकारामच्या खांद्यावर हात टाकून निघायचे, ते देऊळ सोडून कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जायचे. वारं जायच्या आधीपासनं. तुझ्याशी बोलायचे. अव्वाचा निरोप सांगायचे, तुझा आणायचे. शेवटी-शेवटी त्यांचं बोलणं तुला निम्मं कळायचं न्हाय, तरी तू ऐकत बसायचीस. सरड्याला गुंडू नाव त्यांनीच ठेवलं, त्यांच्या लहानपणीच्या कुस्तीतल्या जोडीदाराचं. घराचं माप त्यांनी तुझ्याकडनं घेतलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून सहा वर्षं हे केलंत, त्यातली चार माझ्या डोळ्यादेखत.

मी अव्वाला विचारलं, माझ्यापासनं का लपवलं?

ती म्हणाली, "तुझ्या भीतीनं, गं. घरात सगळीच भितात तुला."

तिनं हे रागानं म्हटलं न्हाय. रोजची गोष्ट सांगावी तसं म्हटलं, आणि विटा तापल्या का बघायला गेली.

आता माझं ऐक. गेल्या कागदात गडबड होती, डोक्यात राहिलं न्हाय असं लिव्हलंय, ते खोटं हाय. मी मुद्दाम केलं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात अप्पांनी उशीखालनं एक कागद काढून माझ्या हातात दिला. नंबर होता, नाव न्हवतं. मला कळलं कुणाचा ते. "लाव," म्हणाले. मी फाटकाजवळच्या बूथवर गेले. रिसीव्हर उचलला. नंबर लावला न्हाय. पाच मिनिटं तशीच उभी राहिले आणि वर येऊन सांगितलं, लागत न्हाय. त्यांनी तासाभरानं परत म्हटलं. मी परत खाली गेले, परत वर आले, लागत न्हाय. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं, अप्पा, तिनं उचलला न्हाय. दिवेलागणीला ते गेले. तुझ्यावर चिडून गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. ते चिडलेले न्हवते. वाट बघत होते.

माती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला झाली, आणि कार्ड मी तिसऱ्या दिवशी टाकलं. कार्ड मिळाल्यावर तू दुकानात फोन केलास, तवा मी काय म्हटलं ते तुला पाठ असंल. ह्या दारात पाय ठेवू नकोस. तू फोन ठेवलास. मला वाटलं, बघ, हिला काय वाटतसुद्धा न्हाय.

असं का केलं, हे मला कुणी विचारलं तर सांगता येईल असं वाटायचं. दोन वर्षं हगणं-मुतणं मी काढलं आणि शेवटी तुझा नंबर हातात दिला, म्हणून. आत्ताबी लिव्हताना मला राग येतोय. पण तो तुझ्यावरचा न्हाय, आणि दुसऱ्या कुणावर हाय म्हणावं तर समोर कोणच न्हाय.

मुरगूडचंबी सांगून टाकते, म्हंजे काय उरायला नको. तुझ्यापायी माझं घर मोडलं न्हाय. सासू बोलायची, ते खरं. पण शिवप्रसाद न्यायला आलता, दोनदा. तुझ्या त्या भाऊजींनी हात जोडले. मीच गेले न्हाय. मला काच कापायची होती, रक्षी. लग्नाआधी अप्पा मला हिऱ्याची कलम हातात द्यायचे आणि म्हणायचे, हिचा हात माझ्यापेक्षा सरळ हाय. तिथं तो हात भाकरी थापत होता. परत यायला मला एक कारण पायजे होतं, ते तू दिलंस. पाच वर्षं मी तुझं नाव पुढं करून माझ्या मनासारखं जगले आणि वर तुलाच शिव्या घातल्या.

आरसा त्याच दुपारी काढला. अप्पांच्या जुन्या पट्टीनं, न फोडता. त्या जागी आतनं मातकट रंग दिलेला प्लायवूड बसवला. दुकानात असलं काम कुणी गिऱ्हाईकानं बघितलं तर हसंल. हसू दे.

त्यानं अजून नीट खाल्लेलं न्हाय. दाढी मात्र काळी झालेली न्हाय. अव्वा त्याच्यासमोर बसून राहिलीय.

अक्का


रविवार, १४ जानेवारी २००७

रक्षी,

काल त्यानं नाकतोडा धरला. स्वतः धावून. अव्वा एवढी खूश झाली की बरणी हातात घेऊन देवघरापतूर गेली आणि मग लक्षात आल्यावर परत फिरली. आज मेथीबी खाल्ली. दाढी कशी बदामाच्या रंगाची दिसतीय. खिडकीतनं ऊन आलं की दगडावर पसरतोय आणि डोळं मिटतोय. आकाराम म्हणतोय, रंगरूप बघा वर्षाक्का, जावयासारखा पडलाय. पहिल्यांदाच तो माझ्यासमोर थट्टा करून बोलला.

माझा आधीचा कागद तुला मिळाला का न्हाय, माहीत न्हाय. मिळाला असंल तर तू माझ्यावर चिडली असशील. चिडायलाच पायजेस. मी तुला ते गिळ म्हणणार न्हाय, आणि माफ कर असंबी लिव्हणार न्हाय, कारण अप्पांनी तीनदा मागितलं आणि मी दिलं न्हाय, ते तू त्यांच्या वतीनं माफ करू शकत न्हाईस. माझा राग जन्माचा हाय, तो आठ दिवसांत जाणार न्हाय. काल सोनारावर ओरडलेच. पण अव्वाशी बोलताना आता मी आधी खाली बसते. बसून बोललं की आवाज जरा कमी निघतोय.

अप्पांचं वर्ष शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात हाय. अय्यांना सांगितलंय. भावकीत मी सगळ्यांना सांगितलं की तुला कार्ड उशिरा का मिळालं. मुरगूडलाबी कळवलं. एक-दोघं उठून गेले, बाकीच्यांनी च्या प्याला.

तुझ्या मैत्रिणीचं पत्र आलंय. एक तारखेला खोका घेऊन बसनं येते म्हणाली. मी तिला उलट टपालानं कळवलं, येऊ नको.

कारण असं हाय. अप्पांची ती चिठ्ठी मी फायलीला लावली. गिऱ्हाईकाच्या नावाची जागा मोकळी होती ना, तिथं काल मी तुझं नाव घातलं, पूर्ण, अप्पांच्या नावासकट. घर तयार हाय, जनावर तयार हाय. पण चिठ्ठीच्या खाली ती लाल ओळ हाय, आणि ह्या दुकानात पस्तीस वर्षांत ती कुणासाठी मोडलेली न्हाय. माल गिऱ्हाईकानं स्वतः येऊन बघायचा आणि ताब्यात घ्यायचा.

दुसऱ्या कुणाच्या हातात मी तो देणार न्हाय.

तुझी अक्का